गालिच्यावरची काजळी: ती काढायची कशी, आणि ग्राहक नाराज झाला तर पुढे काय

गालिच्यावर काजळी दिसली की हात आपोआप ओल्या फडक्याकडे जातो, आणि बहुतेक वेळा काम तिथेच बिघडतं. चहाचा डाग पाण्यात विरघळतो, काजळी विरघळत नाही. काजळी म्हणजे अर्धवट जळलेल्या कार्बनचे कण आणि त्यांना चिकटलेलं तेलकट, डांबरासारखं द्रव्य. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. काजळीच्या कणांचा पुंजका बहुधा एका मायक्रॉनच्या आतबाहेर, आणि सुटा कण त्याहून कितीतरी बारीक. काजळी आणि पाणी घोटूनच माणसाने शतकानुशतकं शाई बनवली. ओलं फडकं घासणारा माणूस गालिच्यावर तीच शाई बनवत असतो.

म्हणून या कामाचा पाया एकच: जे कोरडं निघतं, ते सगळं कोरडंच काढायचं. पाणी नंतर, आणि तेही मोजून. ग्राहकांच्या तक्रारींचं मूळही बरेचदा याच टप्प्यावर असतं. एक तर कोरडं काम घाईत उरकलेलं असतं, नाहीतर काय निघेल आणि काय निघणार नाही हे आधी सांगितलेलं नसतं.

आधी काजळी आली कुठून ते शोधा

मेणबत्त्या, उदबत्त्या, शेकोटीचं धुराडं, बिघडलेला हीटर, जळलेलं जेवण, वायरिंगची आग, घराला लागलेली मोठी आग, या प्रत्येकाची काजळी वेगळी वागते. लाकूड आणि कागद भरपूर हवेत भराभर जळले तर काजळी कोरडी आणि भुरभुरीत असते. तीच सगळ्यात सोपी. प्लास्टिक, रबर, फोम धुमसत जळले तर काजळी चिकट असते, बोट फिरवलं की पसरते आणि वास उग्र येतो. स्वयंपाकघरात मांस किंवा मासे करपल्यावर डोळ्यांना फारसं काही दिसत नाही, फक्त पिवळसर पातळ थर आणि न जाणारा वास राहतो. तेलावर चालणाऱ्या हीटरची काजळी काळीकुट्ट आणि तेलकट असते.

ओळखायचं कसं? पांढरं कोरडं सुती फडकं घ्या आणि गालिच्याच्या लवेवर, म्हणजे वर उभ्या असलेल्या धाग्यांवर, न घासता हलकं दाबा. फडक्यावर पूड आली आणि ती फुंकरीने उडाली तर काजळी कोरडी. काळा ठसा उमटला आणि बोटाने पसरला तर तेलकट. पुढची सगळी पद्धत या चाचणीवर ठरते, त्यामुळे ती खोलीत निदान चार-पाच ठिकाणी करा. हीटरजवळ तेलकट आणि दाराशी कोरडी, असंही सर्रास आढळतं.

गॅसचा हीटर, गीझर किंवा शेगडी काजळी सोडत असेल तर गालिच्याचं काम बाजूला ठेवा. काजळी होतेय याचा अर्थ ज्वलन अपुरं आहे, आणि अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो जीव घेतो. उपकरण बंद करून, खिडक्या उघडून जाणकाराकडून दुरुस्ती झाल्याशिवाय सफाई सुरू करू नका.

भिंतीलगत, दाराखाली आणि पडद्यांच्या खाली सरळ काळ्या रेघा दिसतात, त्या मात्र आगीच्या नसतात. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) आणि जमीन यांच्या फटीतून हवा ये-जा करते, गालिचा त्या हवेला गाळणीसारखा गाळतो आणि वर्षानुवर्षं तिच्यातली बारीक काजळी तिथे अडकते. काढायला ही रेघ सगळ्यात हट्टी, आणि तक्रारीही सगळ्यात जास्त हिच्याच. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

सुरक्षितता

काजळी म्हणजे नुसती घाण नव्हे. धुराडी साफ करणाऱ्यांमधला एक विशिष्ट कर्करोग आणि काजळी यांचा संबंध इंग्लंडचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली मांडला होता. व्यवसायात दीर्घकाळ काजळीशी येणारा संपर्क आज निःसंशय कर्करोगकारक गटात मोडतो. म्हणून चांगला बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क, नायट्रिल हातमोजे, बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बुटांवर कव्हर हवंच. प्लास्टिक जळलं असेल किंवा सॉल्व्हंट (तेलकट मळ विरघळवणारं द्रव) वापरणार असाल तर बाष्प शोषणारं काडतूस, म्हणजे गाळणीचा डबा, असलेला मास्क लागतो. नुसता धुळीचा मास्क वाफ अडवत नाही.

घराला आग लागलेली असेल तर अग्निशमन दलाने आत जायला हरकत नाही असं सांगितल्यावरच जा आणि वीज तपासून घ्या. जुन्या इमारतीत जळलेल्या छतात किंवा जुन्या फरशीत अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक असलेलं तंतुमय खनिज) असू शकतो. शंका असेल तर तपासणी होईपर्यंत काहीही हलवू नका. शेकोटीची राख सांडली असेल तर ती पूर्ण थंड झाल्याची खात्री करा. राखेच्या पोटात निखारा दोन-तीन दिवसही धुमसत राहतो, आणि व्हॅक्यूमच्या पिशवीत तो गेला तर पिशवीच पेटते.

धागा ओळखा, मग औषध ठरवा

गालिच्यामागे लेबल असेल तर उत्तम. नसेल तर कोपऱ्यातून, कपाटाखालून दोन-चार धागे कापा आणि गालिच्यापासून दूर, धातूच्या ताटलीवर चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरते. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतात, पॉलिएस्टरचा धूर जास्त काळा असतो. सुती धागा आणि व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) कागदासारखे जळतात आणि मऊ राख ठेवतात. पॉलिप्रॉपिलीन ओळखायला जाळायचीही गरज नाही. सुटा धागा पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. तो वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, कारण नेहमीच्या धाग्यांत पाण्याहून हलका तोच आहे.

लोकरीला ५ ते ८ पीएचच्या बाहेरचं काही लावू नका (पीएच म्हणजे आम्ल-क्षाराचं माप: ७ तटस्थ, खाली आम्ल, वर क्षार). पाणी कोमटच ठेवा आणि क्लोरीन ब्लीच तर जवळही आणू नका, त्यात लोकर अक्षरशः विरघळते. नायलॉन क्षार आणि उष्णता सहन करतो, पण त्याचे रंग काही वेळा करत नाहीत. पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन रंगाला पक्के असले तरी तेल ओढून घेणारे धागे आहेत, म्हणून तेलकट काजळी त्यांना घट्ट धरून बसते. व्हिस्कोस ओलं झालं की निम्मी ताकद गमावतं, पिवळं पडतं आणि त्याची लव चिकटते. व्हिस्कोसवर ओलं काम करायचं असेल तर आधी ग्राहकाची लेखी संमती घ्या. आमचं मत विचाराल तर कोरडी सफाई करून तिथेच थांबलेलं बरं.

रंगाची चाचणी टाळू नका. जे द्रावण वापरणार तेच पांढऱ्या फडक्यावर घेऊन, न दिसणाऱ्या जागी प्रत्येक रंगावर पाच ते दहा मिनिटं दाबून ठेवा. फडक्यावर गालिच्याचा रंग आला तर ते द्रावण बाद. नुसत्या पाण्याने केलेली चाचणी पुरत नाही, कारण काही रंग पाण्यात टिकतात आणि क्षारात सुटतात.

पहिला टप्पा: सगळं थांबवा

पंखा, एसी, हीटरचा ब्लोअर बंद करा. एसीच्या हवा आत-बाहेर करणाऱ्या जाळ्यांवर कापड किंवा फिल्टर लावा. त्या भागातून चालणं बंद करा. प्रत्येक पावलाने काजळी लवेच्या मुळाशी दाबली जाते आणि तिथून ती काढणं वरच्या काजळीपेक्षा कितीतरी कठीण. जावंच लागलं तर पुठ्ठ्याची वाट करा.

आगीनंतरच्या घरात क्रमही महत्त्वाचा आहे. छत आणि भिंती आधी, गालिचा शेवटी, हे सगळ्यांना पटतं, पण ते अर्धवट खरं आहे. गालिच्यावरची मोकळी काजळी सुरुवातीलाच व्हॅक्यूमने उचला, मग तो प्लास्टिकने झाका, त्यानंतर छत, भिंती, फर्निचर करा आणि गालिच्याची पूर्ण सफाई शेवटी. पहिला व्हॅक्यूम वगळला तर भिंती पुसणारे लोक तीन दिवस ती काजळी तुडवत राहतात. विमा असेल तर कंपनीच्या प्रतिनिधीने पाहणी केल्याशिवाय काहीही फेकू नका. काम सुरू करण्याआधीचे फोटो त्यांच्यासाठीही लागतात.

दुसरा टप्पा: कोरडी सफाई

व्हॅक्यूमला हेपा फिल्टर हवा, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. साध्या व्हॅक्यूममधून ही काजळी पिशवीच्या छिद्रांतून बाहेर पडते आणि खोलीभर उडून पुन्हा सगळीकडे बसते. फिरणारा ब्रश असलेलं डोकं काढून टाका. तो ब्रश काजळी धाग्यांत मळतो.

पहिल्या फेरीत नळीचं तोंड लवेच्या साधारण १ सेंटिमीटर वर धरा, टेकवू नका. मोकळी पूड तेवढ्यानेही वर ओढली जाते. दुसऱ्या फेरीत ब्रश नसलेला सपाट नोझल अगदी हलका टेकवून एकाच दिशेने हळू ओढा, उचला, परत सुरुवातीला आणा. पुढे-मागे घासायचं नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा यायला हवा. काम डागाच्या कडेपासून मध्याकडे करा. तिसरी फेरी पहिल्या दोन्हींच्या काटकोनात. नोझलची कड दर काही मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा, कारण तिच्यावर साठलेली काजळी पुढच्या स्वच्छ भागावर रेघ ओढते. पिशवी अर्धी भरली की बदला, आणि ती घराबाहेर बदला.

सुटा गालिचा असेल तर तो पालथा करून मागून हलके थोपटा आणि खाली पडणारी पूड व्हॅक्यूम करा. मग सुलटा करून वरील फेऱ्या. लवेत खोल गेलेला बराचसा भाग असाच मोकळा होतो. जड हातमागाचे जुने गालिचे मात्र घरी ओले करण्याच्या भानगडीत पडू नका. कोरडी पूड काढून, गुंडाळून, धुलाईची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा.

त्यानंतर कोरडा काजळी-स्पंज. हा दिसायला साध्या स्पंजसारखा असला तरी व्हल्कनाइज्ड रबराचा असतो आणि कोरडाच वापरतात. ओला केला की त्याची उचलण्याची ताकद जाते आणि तो काळा राडा करतो. छोट्या लवेच्या गालिच्यावर तो टेकवायचा आणि उचलायचा. पृष्ठभाग काळा झाला की बाजू बदला, सगळ्या बाजू संपल्या की सुरीने वरचा पातळ थर कापून टाका. धुऊन पुन्हा वापरू नका. लांब लवेच्या गालिच्यावर स्पंजचा फारसा उपयोग नाही, तिथे व्हॅक्यूमच्या आणखी दोन फेऱ्या जास्त कामाच्या.

आगीवर कोरड्या पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर मारला असेल तर ती पावडरही याच टप्प्यात पूर्ण निघाली पाहिजे. तिच्या काही प्रकारांत पाणी लागलं की ती चिकट आणि आम्लधर्मी होते.

हा टप्पा कधी संपला ते पांढरं फडकं सांगतं. नवीन जागी दाबल्यावर पूड येणं थांबलं किंवा दोन फेऱ्यांत काही फरक पडेनासा झाला की पुढे जा. कोरड्या काजळीच्या छोट्या डागात काम बरेचदा इथेच संपतं, आणि मग पाण्याला हात लावायची गरज नसते.

तिसरा टप्पा: तेलकट भाग

उरलेली काजळी तेलाने धाग्याला चिकटलेली असते. छोट्या भागासाठी तिच्यावर खायचा सोडा किंवा मक्याचा कोरडा स्टार्च जाडसर भुरभुरा, २०-३० मिनिटं ठेवा, दाबू नका, आणि व्हॅक्यूमने काढा. पावडर काळपट झालेली दिसली तर दुसऱ्यांदा करा. लोकरीवर सोडा टाळा, स्टार्च चालेल. पावडर फिल्टर लवकर भरते, म्हणून मोठ्या खोलीसाठी ही पद्धत व्यवहार्य नाही.

मग सॉल्व्हंट. घरगुती कामाला आयसोप्रोपिल अल्कोहोल, व्यावसायिकांना गालिच्यासाठी बनवलेलं कोरडं, म्हणजे पाणी नसलेलं, सॉल्व्हंट. ते गालिच्यावर ओतायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. गालिच्याच्या पाठीचे दोन थर लेटेक्सने, म्हणजे रबरी डिंकाने, जोडलेले असतात. सॉल्व्हंट खाली झिरपलं तर लेटेक्स मऊ होतं, थर सुटतात, आणि महिन्याभराने गालिच्यावर फुगे दिसू लागतात. फडकं ओलसर करा, डागावर ठेवून दहा सेकंद दाबा, उचला, स्वच्छ घडी पुढे आणा, पुन्हा दाबा. दिशा बाहेरून आत. खिडक्या उघड्या, ज्योत आणि ठिणगी दूर, आणि वाफ पूर्ण उडेपर्यंत त्या जागी व्हॅक्यूम लावू नका, मोटरची ठिणगी पुरते. वापरलेली फडकी झाकणाच्या धातूच्या डब्यात.

चौथा टप्पा: ओली सफाई

इथे साबणाचं काम काजळी विरघळवणं नाही. कणाला धाग्यापासून सोडवून पाण्यात तरंगत ठेवणं आणि तो पुन्हा बसायच्या आत ओढून घेणं, एवढंच त्याच्याकडून हवं असतं. म्हणून द्रावण जितकं महत्त्वाचं, तितकंच ते परत खेचणारं यंत्रही.

हाताच्या तळव्याएवढ्या डागासाठी १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली रंगहीन भांड्यांचा लिक्विड साबण पुरे. जास्त घातला तर तो धुऊन निघत नाही, चिकट थर राहतो आणि महिन्याभरात तीच जागा धुळीने काळी पडते. फडकं या द्रावणात पिळून टिपा. साबण काढायला स्वच्छ पाण्याने दोनदा टिपा, मग, गालिचा लोकरीचा नसेल तर, १ लिटर पाण्यात ५० मिली पांढरं व्हिनेगर मिसळून एकदा. शेवटी कोरड्या टॉवेलवर उभं राहून दाब द्या. व्हिनेगर आणि क्लोरीन ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पूर्ण खोलीसाठी गरम पाणी फवारून परत ओढणारं यंत्र लागतं. कृत्रिम धाग्याला ८ ते १० पीएचचं पूर्वद्रावण (यंत्र चालवण्याआधी फवारायचं द्रावण) आणि ६० अंशांपर्यंत पाणी, लोकरीला लोकरीसाठीचंच तटस्थ द्रावण आणि ४० अंशांच्या खाली. पूर्वद्रावण समान फवारून १० ते १५ मिनिटं ठेवा. ते सुकू देऊ नका, सुकलं तर सुटलेली काजळी पुन्हा चिकटते. मऊ ब्रशने लव एकदाच उलगडा. मग एक ओली ओढ आणि त्याच पट्ट्यावर निदान दोन कोरड्या ओढी. बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग नळीच्या पारदर्शक भागात बघत राहा. पाणी नितळ आलं पण गालिचा अजून करडा दिसतोय, तर आणखी पाणी मारून उपयोग नाही. उरलेला भाग तेलकट आहे, सॉल्व्हंटकडे परत जा. शेवटची फेरी सौम्य आम्लाच्या पाण्याची, म्हणजे क्षार उरत नाहीत.

फिरणाऱ्या गोल पॅडचं यंत्र काजळीवर वापरू नका. ते वरचा थर चकचकीत करतं आणि उरलेलं खाली ढकलतं.

ब्लीच किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने काजळी पांढरी होईल ही समजूत फार पसरलेली आहे. ब्लीच आणि पेरॉक्साइड हे ऑक्सिडायझर रंगांचे रेणू तोडतात, काजळीतल्या कार्बनवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. रंग उडतो तो गालिच्याचा. धुराच्या डांबराने आलेल्या पिवळ्या छटेवर ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड चाचणी करून वापरता येतं, पण काजळी पूर्ण गेल्यावर.

पाचवा टप्पा: सुकवणं

गालिचा ६ ते १२ तासांत सुकायला हवा, कसंही करून २४ तासांच्या आत. २४ ते ४८ तास ओल राहिली तर बुरशी धरते. ब्लोअर आता लावा, आधी नाही. सोबत डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) किंवा, बाहेर हवा कोरडी असेल तर, उघड्या खिडक्या. डागाच्या जागी पांढरा टॉवेल पसरून वर प्लास्टिक आणि वजन ठेवलं तर सुकताना वर येणारा मळ टॉवेलमध्ये जातो. सुकताना पाणी तळातून वर चढतं आणि टोकाशी उडतं, म्हणून मुळाशी उरलेली काजळी टोकांवर येऊन बसते. ‘डाग परत आला’ ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते.

वास राहिला तर आधी अंडरले, म्हणजे गालिच्याखालचा मऊ थर, तपासा. फोमचा अंडरले धूर शोषतो आणि धुऊन निघत नाही, तो बदलणंच शहाणपणाचं. वास घालवणारं ओझोन यंत्र वापरायचं तर माणसं, प्राणी, झाडं बाहेर हवीत, आणि ओझोन रबर व लेटेक्सला तडे पाडतो हेही लक्षात असू द्या. काजळी असताना वासावर सुगंध मारणं म्हणजे काम न करता झाकणं.

भिंतीलगतच्या रेघा

इथे कण इतके बारीक आणि इतक्या काळचे असतात की शंभर टक्के यश क्वचितच मिळतं. अरुंद नोझलने व्हॅक्यूम, मग या कामासाठीचं सॉल्व्हंटयुक्त क्षारी द्रावण, १० मिनिटं थांबून, मऊ दातांच्या छोट्या ब्रशने लवेच्या दिशेने सौम्य हालचाल, आणि लगेच ओढून घेणं. दोन वेळा करा, तिसऱ्यांदा नको, धागा पिसकटतो. लोकरीवर हे द्रावण चालत नाही, तिथे मिळेल त्यावर समाधान. स्कर्टिंगखालची फट सीलंटने बंद केली नाही तर रेघ पुन्हा येणारच, हे ग्राहकाला काम सुरू करण्याआधी सांगा.

ग्राहकाशी बोलणं काम सुरू होण्याआधी सुरू होतं

पाहणी ग्राहकासोबत करा. खोलीतून एकत्र फिरा, प्रत्येक डागाला हात लावून सांगा: हे निघेल, हे फिकं होईल, हे निघणार नाही. उष्णतेने कृत्रिम धाग्यांची टोकं वितळली असतील तर ती जागा कडक आणि काळपट लागते. ती काजळी नव्हे, इजा आहे, आणि सफाईने इजा भरत नाही. ग्राहकाचं बोट तिथे फिरवून दाखवा. शब्दांपेक्षा स्पर्श पटतो.

मग ३० बाय ३० सेंटिमीटरचा नमुना साफ करून, सुकवून दाखवा. नमुन्याला जे यश आलं तेच कागदावर लिहा. ‘नव्यासारखा’ हा शब्द बोलण्यात आणि कागदावर कुठेच येऊ देऊ नका. कागदावर पुढील गोष्टी हव्यात: धाग्याचा प्रकार, आधीचे डाग आणि झीज, फोटोंची तारीख, न निघणाऱ्या जागा, रेघा परत येण्याची शक्यता, पुन्हा तपासणीची मुदत, आणि सही.

आगीतून गेलेल्या माणसाशी बोलताना एवढं भान ठेवा की त्याच्यासाठी प्रश्न फक्त गालिच्याचा नाही. वस्तू गेल्यात, झोप गेलीय. तो एकच गोष्ट तीनदा विचारेल, तिसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे उत्तर द्या.

काम दाखवायचं ते गालिचा सुकल्यावर, दिवसाच्या उजेडात. ओला गालिचा गडद दिसतो, आणि पिवळ्या दिव्याखाली करडेपणा लपतो. दुसऱ्या दिवशी उन्हात तो दिसला की फसवल्यासारखं वाटतं.

तक्रार आली

त्याच दिवशी उत्तर द्या, शक्यतो दोन दिवसांत प्रत्यक्ष जा. फोनवर कारणमीमांसा करू नका. न बघता दिलेलं बरोबर कारणही टाळाटाळ वाटतं. एवढं पुरे: ‘तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटलं. मी उद्या सकाळी स्वतः येऊन बघतो. तोवर त्यावर काही लावू नका.’ शेवटचं वाक्य विसरू नका. ग्राहकाने चिडून बाजारातला डागनाशक फवारला तर तुमची चूक की त्याची, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

घरी गेल्यावर पहिली पाच मिनिटं फक्त ऐका. त्याला दाखवू द्या. गुडघ्यावर बसून जवळून बघा, उभ्याने वरून नव्हे. ‘असं होतंच’, ‘बाकी कुणी तक्रार केली नाही’, ‘तुम्ही सही केली होती’ ही तीन वाक्यं भांडण पेटवतात. करारावरची सही शेवटी दाखवायची असते, पहिल्या मिनिटाला नाही.

मग तपासणी करा, ग्राहकासमोर आणि मोठ्याने सांगत. डाग वर आला असेल तर लव बाजूला करून बघा: टोकं काळी आणि मूळ स्वच्छ असेल तर मळ सुकताना वर चढलाय. थोड्या पाण्यात टिपून, लगेच सुकवून तो जातो. हे काम विनाशुल्क करा, कारण सुकवण्यात आपण कमी पडलो. गालिचा कडक किंवा चिकट लागत असेल तर ओलसर पीएच पट्टी दाबा. ती क्षार दाखवत असेल तर साबण राहिलाय, सौम्य आम्लाच्या पाण्याने पुन्हा धुवा, हेही आपल्याकडे. वास दमट हवेत परत येतो असं ग्राहक म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवा, खरंच तसं होतं. गालिच्याचा कोपरा उचलून अंडरले आणि जमीन हुंगा. रंग उतरला असेल तर पांढरं ओलं फडकं दाबून तो अजून सुटतोय का ते बघा. गालिचा लाटांसारखा उठला असेल आणि दोन दिवसांत बसला नाही तर जास्त पाणी झालंय, ताणून पुन्हा बसवून देण्याची जबाबदारी आपली.

निदान झालं की उत्तर स्पष्ट द्या. चूक आपली असेल तर एका वाक्यात मान्य करा: ‘आम्ही इथे पाणी जास्त वापरलं.’ मग काय करणार, कधी करणार, ते सांगा. चूक आपली नसेल तर आधीचे फोटो काढा, तीच जागा शेजारी दाखवा, आणि उपाय असेल तर तो सांगा, भले तो दुसऱ्याकडचा असो. खरा कस लागतो तो मधल्या प्रकरणांत, जिथे काम नीट झालंय पण ग्राहकाची अपेक्षा जास्त होती. तिथे एकदा पुन्हा सफाई करून द्या, मात्र आधी सांगून: ‘यानंतर आणखी केलं तर धाग्याला इजा होईल, म्हणून ही शेवटची.’ त्यानंतरही समाधान नसेल तर त्या खोलीपुरती रक्कम परत करणं वादापेक्षा स्वस्त पडतं. पूर्ण गालिच्याची भरपाई मागितली जात असेल तर स्वतंत्र तपासनीसाचा अहवाल सुचवा, आणि तुमच्या व्यवसायाचा विमा असेल तर काही कबूल करण्याआधी विमा कंपनीला कळवा. जे ठरेल ते लेखी, दोघांच्या सह्यांसह.

काही वेळा ग्राहक ओरडतो. आवाज चढवू नका, पण शिवीगाळ सहन करायचीही गरज नाही. ‘मी अर्ध्या तासाने येतो, मग बोलू’ म्हणून बाहेर पडा. कर्मचाऱ्याला एकटं पाठवलं असेल तर त्याला हे म्हणायचा अधिकार आधीच दिलेला असावा, आणि ठरावीक रकमेपर्यंतचा तोडगा जागेवर काढायचाही. ‘साहेबांना विचारून सांगतो’ हे ऐकलं की ग्राहक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

ऑनलाइन वाईट अभिप्राय आला तर तीन ओळींत उत्तर द्या: दखल घेतली, भेटीची वेळ सुचवली, संपर्कात आहोत. त्याच्या घरात काय होतं, गालिचा किती मळका होता, हे जगासमोर लिहू नका. वाचणारा पुढचा ग्राहक तुमच्या जागी नाही, त्या तक्रारदाराच्या जागी स्वतःला बघत असतो.

प्रत्येक तक्रारीची नोंद ठेवा: धागा, काजळीचा प्रकार, वापरलेलं द्रावण, पाण्याचं तापमान, सुकायला लागलेले तास, तक्रार किती दिवसांनी आली आणि कारण काय निघालं. सहा महिन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या की कुठल्या माणसाला दुसरी कोरडी फेरी पुन्हा शिकवायला हवी आणि कुठला ब्लोअर बदलायला हवा, ते नावानिशी समोर येतं.